डावा इंडिकेटर भरभर लुकलुकत होता

कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळ–दारव्हा रस्त्यावर रात्रीचं येणं-जाणं. त्यात दुचाकीचा पुढचा डावा इंडिकेटर भरभर लुकलुकू लागला, मागचा डावा तर पेटेचना. माय म्हणे, "मागून ट्रक येते बाप्पा, पह्यले लाइट पाह्य."

एक दिवा बंद पडला की फ्लॅशरवरचा, म्हणजे दिवे लुकलुकवणाऱ्या भागावरचा, लोड घटतो, म्हणून दुसरा घाई करतो. तेव्हा फ्लॅशर बदलायची घाई नको. उजवीकडचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब डावीकडं लावला, तरी अंधारच. म्हणजे दोष बल्बचा नाही, होल्डरचा किंवा वायरिंगचा. होल्डरच्या आत पाहिलं तर बल्ब टेकतो त्या पितळी टिकलीवर हिरवट थर. पावसाळ्यातल्या चिखलपाण्याची करामत. चावी बंद करून पॉलिश पेपरनं घासलं, अर्थिंगच्या वायरचा गंजका बोल्ट खरवडून आवळला, टिकलीवर किंचित व्हॅसलीन. चावी फिरवली; मागचा पिवळा दिवा संथपणे उघडझाप करू लागला.