टी-शर्टचा खांदा, कुर्तीचा घेर: दोन-तीन पॅटर्न जोडून होजिअरीचा टॉप

आपल्याकडे शिलाई क्लास केलेल्या बायांना ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, फ्रॉक सगळं येतं, पण होजिअरीचं, म्हणजे टी-शर्टचं ताणणारं कापड समोर आलं की हात थांबतो, आणि आजकाल गिऱ्हाईक तर तेच मागतं. "ताई, मले खांदा टी-शर्टसारखा पाहिजे, खाली कुर्तीसारखा घेर, अन् बाही फुल, वावरात जा लागते." असा टॉप दुकानात मिळत नाही, शिवावाच लागतो. कापूस वेचायला जाताना बाया साडीवरून नाहीतर ड्रेसवरून घरातल्या माणसाचा फुल शर्ट घालतात तो हौस म्हणून नाही, हात उन्हाने भाजू नयेत आणि पऱ्हाटी (कपाशीचं झाड) टोचू नये म्हणून. पण तो शर्ट खांद्यावरून उतरतो, काखेत अडतो, ओझ्यासारखा वागवावा लागतो. तेवढ्याच कामाला सुती होजिअरीचा मापाचा टॉप कितीतरी सोयीचा, आणि तो शिवायला नवीन ड्राफ्टिंग शिकायची गरज नाही, असलेले पॅटर्न, म्हणजे कापायचे कागदी नमुने, नीट जोडता आले पाहिजेत. खाली सगळीकडे हाच टॉप डोळ्यांसमोर ठेवून सांगते.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. खांदा, मुंढा (जिथे बाही जोडतो तो काखेचा गोल) आणि बाहीचा वरचा गोल हे तिन्ही एकाच पॅटर्नमधून घ्यायचे. हे तीन एकमेकांच्या मापाने काढलेले असतात, एकाचा मुंढा आणि दुसऱ्याची बाही घेतली की काखेत चुण्या पडतात नाहीतर हात वर केला की पूर्ण टॉप वर जातो. बाकी घेर, लांबी, गळा, बाहीचा कोपराखालचा भाग, हे कुठूनही उसने घ्या. रॅग्लन बाही म्हणजे जिची शिलाई काखेतून गळ्यापर्यंत तिरपी जाते ती आवडली असेल तर मग पुढचा भाग, पाठ, बाही सगळंच त्या पॅटर्नचं घ्यायचं, साध्या मुंढ्याला ती बसत नाही.

आता पॅटर्न आणायचे कुठून. खांद्यासाठी फिटिंगचा टी-शर्ट पॅटर्न लागतो, तो होजिअरीसाठीच काढलेला हवा. मोबाईलवर पीडीएफमध्ये मिळतात, झेरॉक्सवाल्याकडे ए-फोर कागदावर प्रिंट काढून चिकटवायचे. प्रिंट देताना त्याला "अ‍ॅक्चुअल साइझ" किंवा १०० टक्के वर ठेवायला सांगा, "फिट टू पेज" राहिलं की पॅटर्न बारीक होतो, आणि पहिल्या पानावर जो टेस्टचा चौकोन असतो तो इंच टेपने मोजल्याशिवाय बाकीची पानं काढूच नका. पीडीएफ नको असेल तर अंगात छान बसणारा एक टी-शर्ट घ्या, मधोमध घडी घालून खाकी कागदावर ठेवा, न ताणता शिलाईच्या कडेने खूण करत जा, बाही आत वळवून मुंढ्याचा गोल टाचणीने टोचून टोचून उतरवा. घेरासाठी नेहमीची ए-लाइन, म्हणजे खाली पसरत जाणारी कुर्ती चालेल, फक्त ती साध्या कापडाची असते हे लक्षात ठेवायचं, कारण खरा फरक तिथेच आहे.

साध्या कापडात आपण छातीच्या मापात दोन-तीन इंच ढिलाई धरतो. होजिअरी ताणते म्हणून तिथे ढिलाई शून्य, लायक्रा (जास्त ताणणारा धागा) असेल तर मापापेक्षा दोन इंच कमीसुद्धा चालतं. म्हणजे ३६ छातीला कुर्तीचा पॅटर्न ३९ चा, त्याचा चौथा भाग पावणेदहा इंच, आणि टी-शर्टचा ३६ चा, चौथा भाग ९ इंच. काखेजवळच पाऊण इंचाचा फरक आहे. तो न बघता कुर्तीची बाजू तशीच वरपर्यंत नेली तर छातीला चारही बाजूंनी मिळून ३ इंच झोल येईल. आणि कुर्तीला टक्स (आकारासाठी शिवलेल्या चुण्या) असतील तर ते होजिअरीत घ्यायचेच नाहीत, कापड स्वतःच अंगाला वळतं.

कापड किती ताणतं ते दुकानातच बघा. आडव्या बाजूने कापडाची घडी धरा, ४ इंचाचं माप घ्या आणि आरामात ओढा, जोर लावून नाही. ५ इंच झालं तर २५ टक्के, ६ झालं तर ५० टक्के. साधं सुती सिंगल जर्सी (नेहमीच्या टी-शर्टचं कापड) बहुतेक २०-२५ च्या आसपास येतं, लायक्रावालं आणि रिब (उभ्या धारींचं कापड) त्याच्या वर. सोडल्यावर कापड परत जागेवर आलं पाहिजे, नाही आलं तर कोपर आणि काख दोन धुण्यांत लोंबतील. दोन पॅटर्न जोडताना दोन्ही सारख्या ताणाच्या कापडासाठी असावेत, ५० टक्के ताणासाठी काढलेला घट्ट पॅटर्न २५ टक्केवाल्या सुती जर्सीत कापला तर डोक्यातून जाईल पण श्वास घेता येणार नाही. आपल्या विदर्भात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा शेतात घालायच्या टॉपला मी पॉलिस्टरचं चकचकीत कापड कुणालाच घ्यायला सांगत नाही, कितीही स्वस्त असो.

नागपुरात गांधीबाग-इतवारीकडे चक्कर असेल तर बघून घ्या, नाहीतर तालुक्याच्या कटपीसवाल्याला सांगून ठेवा. काही ठिकाणी होजिअरी किलोवर विकतात आणि तिथे बाया गोंधळतात, तर हिशोब सोपा आहे: १८० जीएसएमचं कापड म्हणजे एका चौरस मीटरला १८० ग्रॅम, पन्हा म्हणजे रुंदी दीड मीटरची असेल तर एक मीटर लांबीचं वजन २७० ग्रॅम, म्हणजे किलोत साडेतीन मीटरच्या थोडं वर. दीड मीटरमध्ये फुल बाहीचा टॉप निघतो. घरी आणल्यावर आधी धुवायचं, सुती होजिअरी आटते आणि लांबीत जास्त आटते, नंतर आटली की फुल बाही मनगटाच्या वर चढते.

आता जोडणी. पहिलं काम म्हणजे दोन्ही पॅटर्नची माया, म्हणजे शिलाईसाठी कडेला सोडलेली जागा, काढून टाकायची. एकात पाव इंच माया, दुसऱ्यात पाऊण, अशी मिसळ असते, आणि बुर्डा या जर्मन मासिकाच्या पॅटर्नला तर मायाच धरलेली नसते. म्हणून दोन्हींवर शिलाईची रेघ लाल पेनाने मारा आणि पुढचं सगळं त्या रेघेवर करा, माया शेवटी एकदाच सगळीकडे सारखी पाव ते अर्धा इंच द्यायची.

मग खाली टी-शर्टचा पुढचा भाग ठेवा, त्याच्यावर कोरा कागद, आणि खांदा, मुंढा, काखेचा बिंदू उतरवून घ्या. आता कुर्तीचा पुढचा भाग या कागदाखाली सरकवा. मधली घडीची बाजू घडीच्या बाजूला आणि कंबरेची रेघ कंबरेच्या रेघेला लावायची, खालची कड किंवा काखेची खूण जुळवायला जाऊ नका. कंबर म्हणजे खांद्यापासून साधारण साडेचौदा-पंधरा इंच, पण ज्या बाईचा टॉप आहे तिचंच माप घ्या. आता कंबरेखालचा घेर कुर्तीचा उतरवा. मध्ये काय होतं, काखेत टी-शर्ट ९ इंचावर, कंबरेला टी-शर्ट समजा साडेआठ आणि कुर्ती ९, म्हणजे कंबरेवर अर्ध्या इंचाची पायरी दिसते. ती पायरी तशी ठेवायची नाही आणि एकदम तिरकी रेघही मारायची नाही. कंबरेच्या दोन इंच वर टी-शर्टची रेघ सोडा, दोन इंच खाली कुर्तीची पकडा आणि मधले चार इंच हाताने सैल वळण काढा. कागद डोळ्यांसमोर आडवा धरून रेघेवरून नजर फिरवा, कुठे कोपरा असेल तर लगेच कळतो. पाठीचंही अगदी असंच, आणि मग पुढची आणि पाठीची बाजूची रेघ एकमेकांवर ठेवून बघा, लांबी आणि वळण दोन्ही सारखं पाहिजे. पुढच्या भागाची कंबर उतरवली आणि पाठीची अंदाजाने काढली की बाजूची शिलाई पायाकडे जाताना पिळते, मग धुतल्यावर ती पोटावर येते.

गळा तिसऱ्याच पॅटर्नचा असेल तर त्याची मधली घडी आणि खांद्याची रेघ आपल्या कागदाला जुळवा. खांद्याचा उतार आपलाच ठेवायचा. गळ्याची रुंदी पुढे ३ इंच तर पाठीलाही ३ च, नाहीतर पुढचा खांदा आणि मागचा खांदा लहान-मोठे होतील. झाल्यावर दोन्ही खांदे कागदावरच चिकटवून बघा, गळा आणि मुंढा दोन्हीकडे गोल सरळ वाहिला पाहिजे, शिंग निघालं तर घासून नीट करा.

बाही टी-शर्टचीच. फुल करायची तर दंडाच्या खाली दोन-तीन इंच टी-शर्टची रेघ ठेवून तिथून पुढे फुल बाहीच्या पॅटर्नची रेघ घ्या, जोड वर सांगितल्यासारखाच सैल वळणाचा. मग इंच टेप उभी धरून मुंढ्याच्या शिलाईरेघेवरून फिरवा, पुढचा साडेआठ, मागचा साडेआठ, एकूण १७ आला तर बाहीचा गोल १७ ते साडेसतरा असावा. साध्या कापडाच्या बाहीत इंचभर जास्त ठेवतात, होजिअरीत तेवढं नको. शेतासाठी असेल तर बाही अडीच इंच लांब ठेवा आणि मनगटाजवळच्या शिलाईत इंचभर जागा उघडी सोडा, अंगठा त्यातून बाहेर निघतो आणि पंजाची पाठही झाकली जाते. वेचणीला हे एवढंसं छिद्र फार कामाचं.

गळ्याच्या पट्टीचं गणित. तयार गळ्याचा गोल २२ इंच असेल तर रिबची पट्टी त्याच्या ८५ टक्के, म्हणजे पावणेएकोणीस, त्याच कापडाची पट्टी असेल तर ९० टक्के, म्हणजे वीसच्या थोडं खाली, दोन्हीत जोडाची अर्धा इंच माया वेगळी. रुंदी पावणेदोन इंच कापा, दुमडून पाव इंच मायेने लावली की वर पाऊण इंचाला थोडी कमी दिसते. पट्टी आणि गळा दोन्हीचे चार सारखे भाग करून टाचण्या लावा, आणि पट्टी ताणायची, गळा ताणायचा नाही. कापायच्या आधी पट्टी ताणून डोक्यातून जाते का बघा, मोठ्या माणसाचं डोकं २२ इंचाच्या आसपास असतं.

कापताना कापड खाटेवरून लोंबू देऊ नका, वजनाने ताणतं आणि तसंच कापलं जातं. सतरंजीवर पूर्ण पसरा, कडा गुंडाळत असतील तर वर पॅटर्न आणि त्यावर दोन-चार वाट्या ठेवा.

मशीनचं. होजिअरीला बॉलपॉइंट सुई लागते, नंबर ११, कापड जाड असेल तर १४. साधी टोकदार सुई धागा तोडते आणि टाके सुटतात, मग बाया मशीनला दोष देतात. धागा पॉलिस्टरचा, सुती नाही. काळ्या मशीनवर फक्त सरळ टीप येते, तिच्यावरही शिवता येतं, टाका मध्यम ठेवा आणि पुढून-मागून दोन्ही हातांनी कापड हलकं ताणून चालवा म्हणजे घातल्यावर टीप तुटत नाही. पण ज्यांच्याकडे पिकोची मशीन आहे त्यांनी तिचाच अरुंद झिगझॅग वापरावा, एक मिलिमीटर रुंद आणि अडीच लांब, तो कापडासोबत ताणतो, माझ्या मते यापेक्षा चांगला उपाय गावात नाही. मशीन कापड खाली ओढत असेल तर शिलाईखाली पेपरची पट्टी ठेवून शिवा, मग फाडून टाका. पक्क्या शिलाईआधी कटपीसच्या तुकड्यावर एक टीप मारून दोन्ही हातांनी जोरात ओढून बघा.

शिवायचा क्रम असा: आधी खांदे, आणि खांद्याच्या शिलाईत न ताणणारी बारीक सुती पट्टी घाला म्हणजे बाहीच्या वजनाने खांदा उतरत नाही. मग गळ्याची पट्टी. मग बाजू उघड्या असतानाच बाही सपाट जोडा, आणि त्यानंतर बाहीच्या टोकापासून काखेतून खालपर्यंत एकच सलग शिलाई, अंगठ्याची जागा सोडून. आतल्या कडा उसवत नाहीत, इंटरलॉक केला तर छान दिसतं, नाही केला तरी टॉप टिकतो. खालची कड एक दिवस हँगरला लटकवून मग दुमडा, घेराचा तिरपा भाग लोंबतो, तो आधी समान कापून घ्यावा लागतो.

कागदावर बाईचं नाव, तारीख, छातीचं माप आणि कापड किती टक्के ताणाचं होतं ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी तीच बाई दुसरं कापड घेऊन आली आणि ताण कमी निघाला तर बाजूला पाव-पाव इंच सोडायचं की नाही हे त्याच कागदावरून ठरतं.