परदेशात वन्यजीवांच्या कामाला निघताना: मराठवाड्यातून जाणाऱ्यांसाठी तयारीची यादी

आधी प्रकल्प तपासा, बॅग नंतर भरा. संस्थेला मेल करून स्पष्ट विचारा: स्वयंसेवक प्राण्यांना हात लावतात का, प्राणी कुठून येतात आणि पुढे त्यांचं काय होतं, तुम्ही नोंदवलेली माहिती कोण वापरतं. सिंहाच्या बछड्यांना बाटलीने दूध पाजायला मिळेल असं सांगणारी जागा तिथल्या तिथे सोडा. माणसाच्या हातावर वाढलेला सिंह सहसा पुन्हा जंगलात सोडता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत असे बछडे आईपासून लवकर तोडले गेले आहेत आणि मोठे झाल्यावर काही कुंपणात कोंडून केल्या जाणाऱ्या शिकारीसाठी विकले गेले आहेत. खरं काम अंगमेहनतीचं आणि संथ असतं: उपरी झाडं तोडणं, जुनं तारेचं कुंपण काढणं, कॅमेरा ट्रॅपचे (प्राणी समोरून गेला की आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्याचे) हजारो फोटो चाळणं. घाणेरी आणि वेडी बाभूळ आपल्या माळांवर जशी पसरली तशीच दक्षिण आफ्रिकेतही पसरली आहे. तिथे उपरी झाडं काढण्याचा सरकारी कार्यक्रम 1995 पासून चालू आहे. कुऱ्हाड-कोयत्याची सवय असलेला गडी अशा ठिकाणी फार उपयोगी पडतो.

पगार नाही म्हणजे पर्यटक व्हिसावर भागेल, हा समज महागात पडतो. थायलंडसारख्या देशात बिनपगारी कामही कामच धरलं जातं. व्हिसाचा नेमका प्रकार संस्थेकडून लेखी घ्या आणि दूतावासाच्या संकेतस्थळावर ताडून पाहा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे 6 महिने असावी, दोन पानं कोरी असावीत. पोलीस पडताळणीचा दाखला मागितला असेल तर पासपोर्टवरचा पत्ता सध्याचा आहे ना, ते आधी बघा. गावाचा पत्ता एक आणि राहणं संभाजीनगरात, इथेच बहुतेकांचे आठवडे जातात.

लसींना निघण्याच्या तीन महिने आधी हात घाला. केनिया, युगांडा, ब्राझील अशा देशांसाठी पीतज्वराची लस किमान 10 दिवस आधी हवी. ती फक्त अधिकृत केंद्रावरच मिळते. 2016 पासून तिचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. ते जवळ नसेल तर परत येताना भारतातच 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात, म्हणून ते पासपोर्टलाच जोडून ठेवा. वटवाघळं, माकडं किंवा मांसाहारी प्राण्यांजवळ काम असेल तर रेबीजची लस आधीच घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत पहिल्या आणि आठव्या दिवशी असे दोन डोस असतात. त्यानंतरही चावा बसला तर जखम साबणाने 15 मिनिटं धुऊन पुन्हा दोन डोस घ्यावेच लागतात, पण दुर्गम भागात सहसा न मिळणारं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) मग लागत नाही. मलेरियासाठी डॉक्सिसायक्लिन दिलं असेल तर ते परतल्यावरही 4 आठवडे घ्यायचं असतं, आणि त्याने उन्हात कातडी लवकर भाजते.

माकडांच्या पुनर्वसन केंद्रात क्षयाची तपासणी मागतात, कारण माणसाचा क्षय त्यांना लागतो. आपल्याकडे लहानपणी बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावरची मांटू चाचणी आजार नसतानाही उठू शकते. अशा वेळी आयग्रा ही रक्तचाचणी आणि छातीचा एक्स-रे करून घ्या, अहवाल इंग्रजीत मागा.

आता बूट. या यादीत सगळ्यात जास्त हलगर्जी इथेच होते. आपली काळी माती ओली असताना तळव्याच्या खाचांत बसते आणि वाळली की दगड होते. तिच्यात गाजरगवताचं बी असतं, आणि त्या गवताने ऑस्ट्रेलियापासून इथिओपियापर्यंत कुरणं नासवली आहेत. न्यूझीलंडमध्ये मातीतून पसरणाऱ्या रोगाने कौरी वृक्ष मरत आहेत. बूट रात्रभर पाण्यात ठेवा, खाचा दाभणाने कोरा, ब्रश आणि साबणाने घासा, 70 टक्के स्पिरिट फवारा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. लेस काढून वेगळ्या धुवा. मोजे, पँटची दुमड, बॅगेचं वेल्क्रो आणि तंबूच्या पिशवीचे कोपरे यांतली कुसळं चिमट्याने उपसा. शक्य असेल तर शेतात कधी न घातलेला जोड न्या, पण तो घरी वापरून रुळवलेला असावा. विमानतळावरच्या फॉर्मवर वापरलेले बूट असल्याचं खरं लिहा. दंड होतो तो लपवल्याचा.

समुद्री कासवांच्या कामाला गडद रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि लाल उजेडाची टॉर्च हवी. पांढऱ्या उजेडाने अंडी घालायला वर येणारी मादी माघारी फिरते, पिल्लं भलत्या दिशेला जातात. हाताला डासांचं मलम लावून अंड्यांना शिवू नका. कोस्टा रिकाच्या तोर्तुगेरोत हिरव्या कासवांचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर असतो. घरी तेव्हा खरिपाचं काम असतं, ते आधी बोलून घ्या. मराठवाड्याचं कोरडं 42 अंश सोसणाऱ्यालाही दमट किनाऱ्यावरचं 32 अंश झेपेलच असं नाही, कारण घाम वाळतच नाही. ओआरएसची 20 पाकिटं जवळ असू द्या.

नोंदी लिहायची सवय इथेच करा. जायकवाडीला हिवाळ्यात 8x42 दुर्बीण घेऊन थवे मोजा: दहा पक्षी नीट मोजायचे, मग तेवढे गट थव्यात किती ते बघायचं. गौताळ्याच्या चढावर 10 किलो पाठीवर घेऊन चाला. जीपीएसची नोंद दशांशात लिहायला शिका आणि उणे चिन्हाकडे लक्ष द्या. उणे चिन्ह दक्षिण अक्षांशाला आणि पश्चिम रेखांशाला लागतं; भारतात दोन्ही आकडे अधिकच असतात, त्यामुळे ते निसटतं. तोर्तुगेरोचं रेखांश उणे 83.5 च्या जागी नुसतं 83.5 लिहिलं तर कासवाचं घरटं थेट बंगालच्या उपसागरात पडतं, आणि पुढे ती नोंद कुणी वापरत नाही.

विम्यात दुर्गम जागेहून रुग्णाला हलवण्याचा खर्च आहे का, प्राणी हाताळणं किंवा अंगमेहनत वगळलेली आहे का, हे अटींच्या बारीक अक्षरात शोधा. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाला जाताना दशम्या, बियाणं, दुधाचे पदार्थ घरीच ठेवा. इतरत्र शेंगदाण्याची चटणी महिनाभर साथ देते.

परतताना पीस, शिंपला, हाड काहीही उचलू नका, आणि उपग्रहावर चालणारं संदेशयंत्र परवानगीशिवाय भारतात आणू नका. आल्यावर तीन महिन्यांत ताप आला तर तालुक्याच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात देशाचं नाव सांगा आणि मलेरियासाठी रक्त त्याच दिवशी तपासून घ्या.