सुटून आलेल्या माणसाला घरात घेताना

मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातून माणूस आणायला एकदोघांनीच जा. जामिनाची ऑर्डर संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेआधी पोचली नाही तर सुटका दुसऱ्या दिवसावर जाते, तेव्हा तुरुंगाजवळच्या सातरस्ता चौकात ताटकळायची तयारी ठेवा. हारतुरे, बाइकवरची पोरं, स्टेटस यातलं काही नको. माझा धाकटा भाऊ कच्चा कैदी होता, म्हणजे केस अजून उभीच होती. मिरवायचं कशाला?

सगळ्यात अवघड वेळ दिवेलागणीची. आत संध्याकाळी लवकरच बंदी होते, मोजणी करून बराकीत घालतात आणि सकाळपर्यंत कुलूप. रात्रीचा भत्ता, म्हणजे जेवण, त्याआधीच मिळालेला असतो. घरी आल्यावरही शरीर तेच घड्याळ पाळतं. भाऊ त्या वेळी दारापाशी येऊन उभा राहायचा. बाहेर जायचं नसायचं आणि आत बसवतही नसायचं. "काय झालं?" असं विचारत बसू नका. पाच-साडेपाचला खायला द्या आणि "चल, कोथिंबीर आणू" म्हणून भारतमाता सिनेमापर्यंत चालत न्या. घोळक्यातून नको, कडेकडेने. लोकलची गर्दी पुढे कधीतरी.

बराकीत दिवा रात्रभर चालू असतो आणि क्षमतेच्या कितीतरी पट माणसं कुशीला कूस लावून झोपतात. त्यामुळे घरातला अंधार आणि एकट्याची गादी, दोन्ही अंगावर येतात. बाहेरच्या खोलीचा दिवा राहू द्या, बिल काय यायचं ते येईल. झोपेतून उठवताना हात लावू नका, लांबून नावाने हाक मारा.

आत स्वतःचं काही ठरवायचंच नसतं. म्हणून "काय खाणार?" या साध्या प्रश्नानेही माणूस गोंधळतो. "भाकरी करू की भात?" असं विचारा. मोरीत जायलाही तो परवानगी मागेल, तेव्हा हसू नका. आमच्या आत्याबाई हसल्या, आणि तो दोन दिवस जेवायला बाहेर आला नाही.

बायकोचं मात्र कुणी विचारत नाही. तो नसताना वहिनीने डबे करून भाडं भरलं, वकिलाच्या चकरा मारल्या. आता घरातल्या व्यवहारात आपली जागा कुठे, हे त्याला कळत नाही, आणि तो गॅस सिलिंडरवरून भांडतो. तिच्या हातातला कारभार काढून त्याला 'मान' म्हणून देऊ नका. त्याच्याकडे एखादं ठरावीक काम सोपवा, पाणी भरणं किंवा डबे पोचवणं. मुलीला "बाबा गावाला होते" ही थाप पुरत नाही, गल्लीतली पोरं तिला आधीच सांगून मोकळी होतात. खरं सांगा, थोडक्यात. मुलाकातीत जाळीपलीकडे पाहिलेला बाबा तिला लगेच ओळखीचा वाटणार नाही. तिला त्याच्या मांडीवर ढकलू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात: जुना मोबाइल नंबर गेलेला असतो, त्यामुळे आधी आधार केंद्रात नवा नंबर जोडून घ्या, नाहीतर प्रत्येक ओटीपीला अडाल. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं; शाखेत केवायसी दिली की चालू होतं. जामिनाच्या ऑर्डरची प्रत त्याच्या खिशात आणि एक घरी. पोलीस ठाण्यातल्या हजेरीच्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा. कामासाठी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या 'प्रयास' प्रकल्पाकडे जा. ते १९९० पासून सुटून आलेल्यांबरोबर काम करतात.

"आतच बरं होतं" हे वाक्य एकदा तरी येईल. दचकू नका, उपकारांची यादीही वाचू नका. पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, सकाळपासून दारू, किंवा मरणाची भाषा, असं असेल तर 'होईल ठीक' म्हणत थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ मोफत आहे, रात्रीअपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. केईएम किंवा नायर रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत केसपेपर काढा आणि डॉक्टरला तुरुंगाचं सांगा. मरणाचं बोलला तर त्याला त्या रात्री एकटं सोडू नका.

आणि कोर्टाची तारीख. आदल्या दिवसापासून तो गप्प होईल, कारण आपल्याला परत आत घेतील असंच त्याला वाटत राहतं. वकिलाला त्याच्यासमोर फोन लावा, उद्या नेमकं काय होणार ते त्याच्या कानावर पडू द्या. सोबत कुणीतरी जा आणि डबा न्या, केसचा नंबर दुपारनंतरही लागतो.