इतिहास-भूगोलाची साप्ताहिक चर्चा : प्रश्न काढताना या चुका टाळा

आठवीच्या वर्गात शुक्रवारची चर्चा सुरू केली तेव्हा फळ्यावर मी पहिलाच प्रश्न लिहिला, ‘पानिपतच्या पराभवाची कारणे सांगा.’ पुढच्या बाकावरच्या तिघींनी मुद्दे ओळीनं म्हणून दाखवले, मी ‘शाब्बास’ म्हटलं आणि चर्चा आटोपली. तास संपायला वीस मिनिटं उरली होती. मुलं गप्प होती यात त्यांचा काहीच दोष नव्हता. ‘कारणे द्या’, ‘टिपा लिहा’ हे स्वाध्यायाचे प्रश्न. त्यांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, त्यावर बोलायचं काय?

पुढच्या वर्षी तोच विषय घेतला, पण आधी फळ्यावर यमुना काढली. काठावर दिल्ली, वर पानिपत, त्याच्याही वर कुंजपुरा. मराठ्यांनी ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली घेतली, ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला. अब्दाली नदीपलीकडे होता. ऑक्टोबर संपता संपता त्यानं बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो भाऊसाहेबांची फौज आणि दिल्ली यांच्या मधे आला. इथं थांबून विचारलं, ‘तुम्ही छावणीत आहात. सोबत यात्रेकरू आणि बायकामुलंही आहेत. धान्य कुठल्या वाटेनं आणाल? लगेच लढाल की थांबाल?’ लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली, म्हणजे मधे अडीच महिने गेले हेही सांगितलं. वर्ग दोन तटांत विभागला. कधी न बोलणारा एक मुलगा म्हणाला, ‘बाई, नदीला उतार कुठं आहे ते तिथल्याच लोकांना ठाऊक असणार. ते कुणाच्या बाजूनं होते?’ त्याच्या या एका वाक्यात इतिहास आणि भूगोल दोन्ही आले. नुसतं ‘पानिपत जिंकलो असतो तर?’ असं विचारलं असतं, तर फक्त स्वप्नरंजन झालं असतं.

दुसरी चूक म्हणजे ‘शाप की वरदान’ छापाचा प्रश्न. ‘धरणे : शाप की वरदान?’ म्हटलं की मुलं निबंधाची वाक्यं बोलू लागतात आणि शेवटी ‘दोन्ही’ या उत्तरावर सगळ्यांचं एकमत होतं. त्याऐवजी एकच धरण घ्या. मी कोयना घेते. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, म्हणजे तिचं पाणी मुळात पूर्वेचं. वीज करण्यासाठी त्यातलं बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला उतरवलं जातं आणि वापरून झालं की ते चिपळूणहून वाहणाऱ्या वाशिष्ठी नदीत जातं. असं किती पाणी वळवायचं याला कृष्णा पाणी तंटा लवादानं ६७.५ टीएमसीची (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) मर्यादा घातली. आता प्रश्न असा : दुष्काळी वर्षी धरण निम्मंच भरलं, तर पाणी पूर्वेला शेतीला सोडायचं की पश्चिमेला विजेला द्यायचं? बाकांच्या एका रांगेला सांगलीचा शेतकरी करा, दुसऱ्या रांगेला कारखान्यातला कामगार, तिसऱ्या रांगेला चिपळूणकर. भिंतीवरचा नकाशा खाली उतरवून मधल्या टेबलावर पसरा. मुलं नकाशावर बोट ठेवून भांडायला लागली की प्रश्न जमला असं समजा. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचा विषय निघाला तर निघू द्या, मात्र ती चर्चा पुढच्या आठवड्यासाठी ठेवा. एका तासात एकच प्रश्न पुरतो.

याच विषयात एक नाजूक जागा आहे. धरणात गाव बुडालेल्या कुटुंबातलं नातवंड वर्गात असू शकतं, पुरात घर गेलेलं मूलही असू शकतं. ‘तुझ्या आजोबांचं गाव गेलं ना, मग तूच सांग’ असं कधीही म्हणू नका. त्याला बोलावंसं वाटलं तर ते आपणहून बोलेल. जातीचा विषय असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. महाडचा सत्याग्रह शिकवताना ‘तुम्हाला कसं वाटलं असतं?’ असं विचारलं, की काही मुलांकडे सगळ्या वर्गाच्या नजरा वळतात. हे मी होऊ दिलंय आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. आता मी तारखाच समोर ठेवते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेनं चवदार तळं १९२४ मध्ये खुलं केल्याचं जाहीर केलं. तरीही २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना तिथं जाऊन पाणी प्यावं लागलं, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. ठराव होता, मग पाणी का मिळत नव्हतं? असं विचारलं की आडनावांकडे कुणी पाहत नाही, सगळा वर्ग कागद आणि गाव यांच्यातल्या अंतराबद्दल बोलू लागतो.

प्रश्न आदल्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर टाकण्याचा मोह टाळा. सकाळी तीस वह्यांत एकच उत्तर येतं आणि तेही कुणाच्या तरी मोबाईलमधलं. घरी द्यायचीच असेल तर सामग्री द्या : नकाशा, तारखांची पट्टी, पावसाचे आकडे. प्रश्न वर्गातच उघडा.

तेच चार हात वर येत असतील तर आधी दोन मिनिटं सगळ्यांना वहीत एक वाक्य लिहायला लावा, मग शेजाऱ्याला वाचून दाखवायला सांगा आणि त्यानंतरच तोंडी चर्चा सुरू करा. लाजरी मुलं स्वतःचं वाक्य सांगायला कचरतात, शेजाऱ्याचं मात्र सहज सांगतात. साठ मुलांच्या वर्गात याहून सोपा उपाय मला सापडलेला नाही. विषय भरकटला तर ‘हे नकाशावर कुठं दिसतं?’ एवढंच विचारा.

शेवटची चूक माझ्या हातून सगळ्यात जास्त वेळा झाली. घंटा व्हायला पाच मिनिटं असताना मी ‘तर योग्य उत्तर असं’ म्हणून निकाल देऊन टाकायचे. पुढच्या शुक्रवारी मुलं बोलायचीच नाहीत, कारण बाई शेवटी सांगणारच आहेत हे त्यांना कळलेलं असायचं. तथ्य चुकलं असेल तर ते तिथल्या तिथे दुरुस्त करा, सन चुकीचा राहू देऊ नका. मत मात्र वहीतच राहू द्या. आता मी शेवटची पाच मिनिटं मुलांना त्यांचं पहिलं वाक्य पुन्हा वाचायला देते. ज्याला ते बदलावंसं वाटतं तो खाली नवं वाक्य लिहितो आणि कशामुळे बदललं तेही लिहितो. कोयनेच्या तासाला चिपळूणच्या रांगेतल्या एका मुलीनं लिहिलं होतं, ‘सांगलीचं पाणी आमच्याकडे येतं हे मला माहीतच नव्हतं.’