इस्लाममध्ये नवीन आहात? आधी वजू शिका, बाकीचं मागून येतं

नव्याने इस्लाममध्ये आलेली माणसं मला अधूनमधून भेटतात, कधी ऑफिसात, कधी कोणाच्या ओळखीने, आणि त्यांचा पहिला प्रश्न नमाजचा जवळजवळ कधीच नसतो. नाव बदलायचं का, दाढी किती, आईला काय सांगू. तर तेच आधी उरकून टाकू. नाव बदलायची सक्ती नाही, नावाचा अर्थच श्रद्धेच्या विरुद्ध जात असेल तर गोष्ट वेगळी. दाढीचं नंतर बघू. आणि आईवडील मुसलमान नसले तरी त्यांच्याशी नीट वागायचं हे कुरआनातच आहे, त्यामुळे घरी जाऊन पहिल्याच दिवशी भांडण काढू नका प्लीज, मी असं करणारे पाहिलेत आणि त्यातून कोणाचंच भलं झालेलं नाही.

अजून एक सांगून ठेवतो, मी सुन्नी, त्यात कोकणातला म्हणून शाफई (शाफई, हनफी हे सुन्नींमधले मजहब, म्हणजे नियम पाळायच्या पद्धती), त्यामुळे खाली जे लिहिलंय ते त्या हिशोबाने. शिया, बोहरी यांच्याकडे काही गोष्टी वेगळ्या असतात.

सुरुवात कलम्याने. "अश्हदु अल्ला इलाहा इल्लल्लाह, व अश्हदु अन्न मुहम्मदर रसूलुल्लाह", म्हणजे मी साक्ष देतो की अल्लाहशिवाय कोणी इबादतीच्या (उपासनेच्या) लायक नाही आणि मुहम्मद अल्लाहचे रसूल (पैगंबर) आहेत. मनापासून, समजून म्हटलं की झालं, मग आंघोळ करायची, तिला गुस्ल म्हणतात. मशिदीत दोन-चार लोकांसमोर म्हटलेलं बरं, म्हणजे ओळख होते आणि पुढे शिकवायला कोणीतरी मिळतं. विश्वास सहा गोष्टींवर ठेवायचा: अल्लाह, त्याचे फरिश्ते, त्याच्या किताबी (तौरात, जबूर, इंजील आणि शेवटची कुरआन), रसूल, कयामतचा दिवस आणि तकदीर. नूह, इब्राहिम, मूसा, ईसा हे सगळे आपलेच पैगंबर, मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि व सल्लम शेवटचे. कुरआन उतरायला सुरुवात झाली ती 610 च्या सुमारास मक्केजवळच्या हिराच्या गुहेत, 622 साली ते मदिनेला गेले आणि हिजरी सन तिथून मोजतात. एवढं सध्या पुरे. कुरआनाचा मराठी अनुवाद मिळतो, तो हळूहळू वाचत रहा.

आता वजू. नमाजच्या आधी हातपाय धुणं एवढंच नाहीये ते, त्याला क्रम आहे, आणि नवीन माणूस इथेच गडबडतो. नळ बारीक सोडा, किंवा एक तांब्या घ्या, पाऊण लिटरच्या आसपास पाणी खूप झालं, बादली ओतायची गरज नाही. मनात नियत (वजू करतोय असा इरादा) करा, बिस्मिल्लाह म्हणा, दोन्ही हात मनगटापर्यंत तीनदा धुवा, तीनदा चूळ भरा, तीनदा नाकात पाणी घेऊन शिंकरा. मग तोंड तीनदा, कपाळावर केस सुरू होतात तिथून हनुवटीखालपर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. मग उजवा हात कोपरासकट, मग डावा, तीन-तीनदा. ओला हात डोक्यावरून फिरवायचा, त्याला मसह म्हणतात, त्याबरोबर कान पण. शेवटी पाय घोट्यासकट, आधी उजवा, बोटांच्या फटीत करंगळी घालून.

ज्या जागा हमखास कोरड्या राहतात त्या म्हणजे कोपराची मागची बाजू आणि टाच. थंडीत फुल बाहीचा शर्ट असला की माणूस बाही अर्धीच वर करतो आणि पाणी कोपराच्या दोन बोटं अलीकडेच थांबतं, मग तो वजू झालाच नाही. नेलपॉलिश असेल तर काढावं लागेल कारण खाली पाणी पोचत नाही, मेंदी चालते, तिचा नुसता रंग असतो. टॉयलेटला गेलात, गॅस सुटला, आडवं पडून झोप लागली की वजू तुटतो, परत करायचा. नाहीतर एकाच वजूवर दोन-तीन नमाजा खुशाल पढा.

नमाज दिवसातून पाच. फजर 2 रकात (रकात म्हणजे नमाजची एक फेरी, ती कशी ते खाली सांगतो), जोहर 4, असर 4, मगरिब 3, इशा 4, हे झाले 17 फर्ज, म्हणजे सक्तीच्या. सुन्नत, नफिल वगैरे जास्तीच्या त्यावर आहेत, पण पहिल्या महिन्यात फक्त या सतरा धरा. मी तर म्हणतो आधी फजरच्या दोन नीट बसवा, कारण बाकीच्या सगळ्या त्याच साच्यातल्या आहेत.

किबला म्हणजे मक्केतल्या काबाची दिशा, नमाजला तिकडे तोंड करायचं, आपल्या महाराष्ट्रातून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकून. उभं रहायचं, हात खांद्यापर्यंत उचलून "अल्लाहु अकबर" म्हणायचं, हात बांधायचे, सूरह फातिहा (कुरआनाचा पहिला अध्याय) पढायची, मग एखादी छोटी सूरह, इख्लास घ्या, चारच आयती आहेत. मग रुकू, कमरेत वाकून हात गुडघ्यांवर, पाठ सरळ, "सुब्हान रब्बियल अजीम" तीनदा. "समि अल्लाहु लिमन हमिदह" म्हणत उठायचं, नीट सरळ उभं रहायचं, मग सजदा. सजद्यात सात गोष्टी जमिनीला लागायला पाहिजेत: नाकासकट कपाळ, दोन तळहात, दोन गुडघे आणि दोन्ही पायांची बोटं. पायांची बोटं उचलली जातात बरं का, लक्ष ठेवा. "सुब्हान रब्बियल आला" तीनदा, बसायचं, परत सजदा, ही झाली एक रकात. दुसरी तशीच, शेवटी बसून अत्तहियात आणि दरूद या दुआ म्हणायच्या, आणि उजवीकडे मग डावीकडे मान वळवून सलाम.

घाई करू नका. उठून पाठ सरळ व्हायच्या आत परत खाली जाणारे जुने नमाजी पण खूप आहेत, त्यांचं बघून शिकू नका.

फातिहा सात आयतींची आहे, रोज एक पाठ केली तर आठवड्यात होते. तोपर्यंत नमाज सोडायची नाही, फातिहाच्या जागी सुब्हानल्लाह, अल्हम्दुलिल्लाह, अल्लाहु अकबर म्हणत रहायचं. देवनागरीत लिहून पाठ करायला हरकत नाही, मी पण चिठ्ठ्या करून देतो, पण अरबीतले काही आवाज आपल्या लिपीत बसत नाहीत. दोन वेगवेगळे "ह" आहेत, घशातून येणारा "क" वेगळा, त्यामुळे चिठ्ठीबरोबर कोणाकडून तरी ऐकून घ्या आणि त्याला म्हणून दाखवा.

बायकांना पाळीच्या दिवसात नमाज नाही आणि ती नंतर भरून पण काढायची नाही. रोजे मात्र नंतर भरून काढायचे.

रोजा म्हणजे पहाट फुटण्यापासून सूर्य मावळेपर्यंत खाणं नाही, पाणी नाही, नवराबायकोचे संबंध नाहीत. रमजान चांद्र महिना असल्यामुळे दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, 2030 साली तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या शेवटी परत एकदा सुरू होईल. विसरून पाणी प्यायलात तर रोजा तुटत नाही, आठवलं की थांबा आणि पुढे चालू ठेवा. आजारी असाल, प्रवासात असाल तर सूट आहे, नंतर ठेवायचा. सेहरी (पहाटेचं खाणं) चुकवू नका, पहिल्या वर्षी हिरोगिरी करून सेहरीशिवाय रोजा ठेवणारे दुपारी दोनला डोकं धरून बसतात.

जकात म्हटलं की आपल्याला नाक्यावरची जकात आठवते, ट्रकांच्या रांगा वगैरे, मुंबईत ती 2017 ला जीएसटी आल्यावर बंद झाली. ही जकात वेगळी. तुमच्याकडे निसाबच्या वर, म्हणजे 87.48 ग्रॅम सोनं किंवा 612.36 ग्रॅम चांदी एवढ्या किमतीची बचत पूर्ण एक चांद्र वर्ष राहिली तर तिच्यातले अडीच टक्के गरिबांना द्यायचे. दोन लाख असतील तर 5,000. राहतं घर, वापरातली गाडी यात धरत नाहीत. अंगावरच्या दागिन्यांवर हनफी जकात काढतात, शाफईंकडे नेहमीच्या वापरातल्यावर नाही. स्वतःच्या आईवडिलांना किंवा मुलांना जकात देता येत नाही, त्यांचं बघणं तुमची जबाबदारीच आहे.

हज ऐपत आणि तब्येत असेल तर आयुष्यात एकदा. आमचे आजोबा लोक मुंबईहून बोटीने जायचे, 1995 ला ते बंद झालं. तुम्हाला आत्ता त्याची चिंता नको.

खाण्यात डुक्कर आणि दारू बंद, मटण-चिकन हलाल पाहिजे. माशाला कापायचा नियम नाही. कालवं आम्ही शाफई लोक आवडीने खातो, हनफी खात नाहीत, आणि कोलंबीवर तर हनफींमध्येच दोन मतं आहेत. हे ऐकून नवीन माणूस घाबरतो, म्हणतो नक्की खरं कोणाचं. अहो दोन्ही शेकडो वर्षं चालत आलेले मजहब आहेत. तुमच्या जवळच्या मशिदीत जी पद्धत असेल ती धरा आणि सुरुवातीला दुसरीकडे डोकावू नका. हात छातीखाली बांधायचे की बेंबीखाली यावर रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघणारा माणूस फजरला उठत नाही.

मशिदीत पहिल्यांदा जाल तर शुक्रवारी जा, गर्दीत कोणी तुमच्याकडे बघत नाही. जोहरच्या जागी जुम्याची 2 रकात असते, आधी खुतबा (इमामचं प्रवचन), तेव्हा बोलायचं नाही. घरून वजू करून निघा कारण वजूखान्यात रांग असते. चपला कुठे काढल्या ते लक्षात ठेवा, फोन सायलेंट. बाई असाल तर आधी विचारून घ्या, खूप मशिदींमध्ये अजून बायकांसाठी जागाच नाही. रोजच्या जमातीला (एकत्र नमाजला) उशीर झाला आणि इमाम रुकूत असतील तर उभ्याने तकबीर (अल्लाहु अकबर) म्हणून सरळ रुकूत जा, इमामबरोबर रुकू मिळाला तर ती रकात मिळाली, राहिलेल्या इमामच्या सलामनंतर उठून पुऱ्या करा.

आणि चुकलात तर चुकलात. आमच्या गावच्या मशिदीत फातिहा संपली की सगळी मशीद मोठ्याने आमीन म्हणते, लहानपणी आम्हा पोरांची त्यावर स्पर्धा असायची. नोकरीसाठी मुंबईला आलो, पहिल्याच दिवशी मगरिबला एका हनफी मशिदीत उभा राहिलो, इमामची फातिहा संपली आणि त्या पूर्ण शांततेत माझा एकट्याचा लांबलचक "आऽऽमीन". कान गरम झाले, पुढच्या रकातीत तोंड मिटून उभा. सलाम फिरवल्यावर बाजूच्या चाचांनी माझ्याकडे बघितलं, म्हटलं आता ओरडा बसणार. ते हसून एवढंच म्हणाले, "कोकन से आया क्या?"