पेटीतल्या तबकड्यांपासून सोल-फंकच्या संकलनापर्यंत

ओहायो राज्यातल्या डेटन शहरात, पश्चिमेकडच्या वस्तीतल्या एका स्वयंपाकघरात मी बसलो होतो. टेबलावर बुटांचं जुनं खोकं होतं आणि त्यात एकाच सात इंची रेकॉर्डच्या तीसेक प्रती, कागदी पाकिटांसकट, कधीच न वाजलेल्या. घरच्या बाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे यजमान १९६९ साली या रेकॉर्डवर गायले होते आणि कारखान्यातली पाळी सांभाळून गाडीच्या डिकीतून ती विकत फिरले होते. तीच रेकॉर्ड मी एका विक्रेत्याकडून दोनशे डॉलरला घेतली होती. बाईंनी एक प्रत माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, "बाळा, तुझ्या अल्बमवर त्यांचं नाव नीट छापशील ना?" लेबलवर त्यांच्या आडनावातलं एक अक्षर चुकलेलं होतं. पन्नास वर्षं ते तसंच राहिलं होतं.

सोल आणि फंक म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांतलं काळ्या अमेरिकनांचं तालेवार संगीत. त्यातली विसरलेली गाणी शोधून, हक्क घेऊन एका अल्बमवर पुन्हा काढणं म्हणजे संकलन. अशी संकलनं करायची म्हणजे सुरुवात कुठून करायची, असं इकडे शिकायला आलेली आपली मुलं मला विचारतात. बहुतेकांना वाटतं, दुर्मिळ रेकॉर्ड जमवल्या की झालं. रेकॉर्ड जमवणं हा या कामाचा पहिला दरवाजा आहे. खरं काम त्या खोक्याभोवतीच्या माणसांशी आहे, आणि ते मला फार उशिरा कळलं.

मला नाद लागला पुण्यात. रविवारी वडिलांबरोबर जुन्या बाजारात जायचो. ते नाट्यसंगीताच्या तबकड्या बघायचे, मी लेबलं वाचत बसायचो. पुढे एमएस करायला सिनसिनाटीला आलो. तिथल्या एका सेकंडहँड दुकानात, डॉलरला चार या भावाने, नाव-गाव न कळणाऱ्या शेकडो सात इंची रेकॉर्ड पडलेल्या दिसल्या. एक लावून पाहिली. आधी ड्रम, मग खालून वर येणारा बेस, मग चर्चमध्ये घडलेला एक आवाज. त्या दिवशी वसतिगृहात परतलो तेव्हा पिशवीत चाळीस रेकॉर्ड होत्या.

पहिलं सांगणं : सगळं जमवू नका, एक शहर धरा. मी ओहायो धरलं, कारण मी तिथे होतो आणि तिथली जमीनच सुपीक. सिनसिनाटीत १९४३ साली सिड नेथन यांनी किंग रेकॉर्ड्स सुरू केली. ब्रूस्टर अव्हेन्यूवरच्या त्या इमारतीत ध्वनिमुद्रण, तबकड्या छापणं, कव्हर छापणं, माल रवाना करणं सगळं एकाच छपराखाली चालायचं. फंकचा पाया ज्याला मानतात तो जेम्स ब्राउन यांचा १९६७ सालचा ताल तिथेच मुद्रित झाला. तिथून तासाभराच्या अंतरावर डेटन. ओहायो प्लेयर्स, स्लेव्ह, लेकसाइड हे सगळे बँड त्या एका मध्यम आकाराच्या शहरातले. मोटारींचे सुटे भाग आणि फ्रिज बनवणारे कारखाने होते, पगार बरे होते, त्यामुळे घरात ट्रम्पेट किंवा बेस गिटार विकत घेणं परवडायचं. शाळांमधून बँड शिकवले जायचे. एक शहर धरलं की अशी कारणं दिसू लागतात. एका रेकॉर्डवरचा सॅक्सोफोनवाला दुसऱ्या रेकॉर्डवर संयोजक म्हणून सापडतो, आणि मग तुमच्यासमोर गाण्यांची यादी उरत नाही, एक गल्ली उभी राहते.

दुसरं : रेकॉर्ड वाचायला शिका. लेबलवर कधी साल नसतं, कधी पत्ता नसतो. पण शेवटच्या खाचेपासून लेबलपर्यंतची जी गुळगुळीत पट्टी असते, जिला संग्राहक डेड वॅक्स म्हणतात, ती बल्बखाली तिरकी धरून बघा. तिथे हाताने कोरलेले किंवा ठशाने उमटवलेले आकडे असतात. लॉस एंजलिसच्या मोनार्क कारखान्यातून निघालेल्या तबकडीवर छोटा त्रिकोण आणि त्यापुढे आकडा असतो. तो आकडा वर्षानुवर्षं वाढत गेलेला आहे, म्हणून त्यावरून साल ठरवता येतं. सिनसिनाटीच्या राइट कंपनीचंही तसंच. पैसे भरा आणि तुमची रेकॉर्ड छापून न्या, असा त्यांचा धंदा होता. चर्चचं गायकवृंद, गल्लीतला बँड, शाळेचं वाद्यवृंद, सगळे तिथे जायचे. भिंग आणि एक वही, एवढ्या भांडवलावर मी पहिली दोन वर्षं शिकलो.

एक व्यवहाराची गोष्ट. साठच्या दशकातल्या पुष्कळ सात इंची रेकॉर्ड व्हिनाइलच्या नसून स्टायरीन या दुसऱ्या प्लास्टिकच्या आहेत. त्या कडक, हलक्या असतात, आणि लेबल बहुधा चिकटवलेलं असतं. झिजलेल्या सुईने त्या लवकर खरखरतात आणि एकदा खाच गेली की परत येत नाही. घरी आणून दहा वेळा लावू नका. चांगल्या सुईवर एकदाच लावा आणि त्याच वेळी संगणकावर उतरवून घ्या.

किमतीच्या मागे लागू नका. इंग्लंडच्या उत्तर भागात नॉर्दर्न सोलच्या रात्री रंगायच्या. विगन कसिनो या नाचघरात १९७३ ते १९८१ पर्यंत पोरं पहाटेपर्यंत नाचली, तीही अमेरिकेत न खपलेल्या गाण्यांवर. फ्रँक विल्सन यांच्या १९६५ सालच्या एका सात इंचीला २००९ मध्ये २५ हजार पौंडांहून जास्त किंमत आली. त्या वेडाबद्दल मला आदर आहे, कारण त्या नाचणाऱ्यांनी ही गाणी जिवंत ठेवली. पण संकलनात गाणं घ्यायचं ते कानावर. माझ्या पहिल्या अल्बममधली सगळ्यांना आवडलेली चीज मी पन्नास सेंटला घेतली होती.

आता माणसं शोधणं. सार्वजनिक ग्रंथालयात शहराच्या जुन्या डिरेक्टऱ्या असतात, त्यात नाव, पत्ता आणि बहुतेक वेळा नोकरीही. बिलबोर्ड या संगीत व्यवसायाच्या नियतकालिकाचे जुने अंक स्कॅन झालेले आहेत. कॉपीराइट ऑफिसच्या छापील सूच्यांत गाणं कोणी नोंदवलं ते मिळतं, आणि बीएमआय, अॅस्कॅप या मानधन गोळा करणाऱ्या संस्थांच्या यादीत गीतकार-संगीतकार. वादकांच्या युनियनलाही विचारा. शिकागोच्या युनियनचा क्रमांक १०-२०८ असा जोडाक्षरासारखा आहे, कारण गोऱ्यांची १० आणि काळ्यांची २०८ अशा दोन वेगळ्या युनियन होत्या, त्या १९६६ मध्ये एक झाल्या. हा इतिहास माहीत असला की फोनवर पलीकडचा माणूस सावध का बोलतो तेही कळतं. त्याला आयुष्यात पहिल्यांदा फोन करणारे तुम्ही नसता. आधी कोणीतरी येऊन कागदावर सही घेऊन गेलेलं असतं. म्हणून पहिल्या फोनमध्ये हक्क, करार हे शब्द काढूच नका. त्या रात्री स्टुडिओत कोण कोण होतं, एवढंच विचारा आणि ऐका.

हक्कांची बाजू मात्र आधी घरी बसून पक्की शिका. एका रेकॉर्डमध्ये दोन मालमत्ता असतात : मुद्रित आवाज आणि गाण्याची रचना. आवाजाचा मालक सहसा गायक नसतो, पैसे घालणारा लेबलवाला, म्हणजे रेकॉर्ड कंपनीचा मालक, असतो. रचना तिसऱ्याच्याच नावावर असू शकते. १५ फेब्रुवारी १९७२ च्या आधीच्या मुद्रणांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण नव्हतं, ती राज्यांच्या कायद्यांवर होती. २०१८ च्या म्युझिक मॉडर्नायझेशन कायद्याने ती केंद्राच्या कक्षेत आली, आणि १९५७ पासूनची जुनी मुद्रणं आता २०६७ पर्यंत संरक्षित आहेत. जुनं आहे, कोण विचारतो, हे म्हणण्याची सोय नाही, आणि ते बरंच झालं.

रचनेचा मोबदला हिशोबाने कळतो. २०२५ चा कायद्याने ठरलेला दर पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला प्रतीमागे १२.७ सेंट होता. चौदा गाणी, ५०० प्रती, म्हणजे ८८९ डॉलर फक्त रचनांचे. आवाजाच्या मालकाला आगाऊ रक्कम आणि नफ्यातला वाटा वेगळा. हे पैसे गाणी निवडतानाच बाजूला काढून ठेवा.

मी इथेच ठेचकाळलो. एका गायकाशी करार केला, त्यांना पैसे दिले, कव्हर छापून आली. मग एका निर्मात्याच्या मुलीचं पत्र आलं. टेपचे पैसे तिच्या वडिलांनी भरले होते, पावती तिच्याकडे होती. ती खरं बोलत होती. पाचशे कव्हर रद्दीत गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे दोन जुने मित्र माझ्यामुळे चार महिने एकमेकांशी बोलले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक गाण्याला दोन स्वतंत्र पुरावे मिळाल्याशिवाय मी पुढे जात नाही.

आवाजाबद्दल थोडंच सांगतो. मूळ टेप मिळाली तर देव पावला. पण सत्तरच्या दशकाच्या मध्यापासूनच्या काही टेप ओल शोषून चिकट होतात. त्या जाणकाराकडून साधारण ५४ अंश सेल्सिअसला काही तास भाजून घ्याव्या लागतात, मगच वाजवता येतात. त्याआधीच्या अॅसिटेट टेप मात्र भाजायच्या नसतात, त्या खराब होतात. टेप नसेल तर मिळेल ती सर्वांत स्वच्छ तबकडी. एलपीची एक बाजू वीसेक मिनिटांच्या आत ठेवा, आणि जोरदार गाणी बाहेरच्या कडेला, संथ गाणी आत. आतल्या खाचांत आवाज फाटतो, म्हणून हा क्रम.

शिरकाव कसा करायचा? आधी दुसऱ्यांच्या अल्बमना हातभार लावा. लेबलांना स्वच्छ प्रत उसनी लागते, माहितीपुस्तिकेसाठी कोणीतरी मुलाखत घ्यावी लागते. जुनी गाणी पुन्हा काढणाऱ्या शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपने २००४ मध्ये पहिला अल्बम काढला तो ओहायोतल्याच कोलंबसच्या कॅपसोल या छोट्या लेबलचा. लंडनच्या केंट आणि जॅझमन या लेबलांच्या पुस्तिका वाचा, प्रत्येक वादकाचं नाव कसं मिळवलंय ते बघा. नोकरी मात्र सोडू नका. मी अजून सोडलेली नाही.

डेटनच्या त्या बाईंना कव्हरचा नमुना दाखवायला मी पुन्हा गेलो. चष्म्यावर भिंग धरून त्यांनी यजमानांचं आडनाव अक्षर अक्षर लावून वाचलं, मान हलवली. मग बोट खाली नेत वादकांच्या यादीवर थांबल्या. "आणि ट्रम्पेटवाला? तो रोज रात्री आमच्याकडे जेवायचा." त्यांनी नाव सांगितलं, स्पेलिंग सांगितलं, आणि मी ते त्यांच्यासमोरच पेन्सिलने कागदावर लिहून घेतलं.