स्वतःच्या नावाची गिटार विकायचीय? मग हेडस्टॉक आधी, बॉडी नंतर

गिटार बनवायला शिकणारा जवळपास प्रत्येक जण पहिली गिटार फेंडर कंपनीच्या टेली (टेलिकास्टर) नाहीतर स्ट्रॅटच्या (स्ट्रॅटोकास्टर) आकाराची करतो आणि त्यात वावगं काही नाही, टेम्प्लेट सहज मिळतात, मापं पाठ झालेली असतात, स्वतःला वाजवायला केलेल्या गिटारीबद्दल कोणी विचारायलाही येत नाही. भानगड सुरू होते ती कोणीतरी म्हणतं की मलाही एक बनवून दे, पैसे देतो, तेव्हा. मग आपण हेडस्टॉकवर, म्हणजे दांड्याच्या टोकाला खुंट्या असतात त्या भागावर, स्वतःचं नाव टाकतो, फोटो टाकतो, ऑर्डर घेतो, आणि तिथून पुढे ट्रेडमार्क हा आपला पण विषय होतो.

आधी एक गोष्ट डोक्यात क्लिअर करून घ्या. टेलिकास्टर १९५१ ची, गिब्सनची लेस पॉल १९५२ ची, स्ट्रॅट १९५४ ची, गिब्सनच्याच फ्लाइंग व्ही आणि एक्स्प्लोरर १९५८ च्या. यांच्यावर जी काही पेटंट होती ती कधीच संपली. तरी आजही केस होतात त्या ट्रेडमार्कवरून, कारण ट्रेडमार्कला एक्स्पायरी नसते, अमेरिकेत दर १० वर्षांनी रिन्यू करत राहिलं आणि वस्तू बाजारात असली की तो चालूच राहतो. आणि ट्रेडमार्कला डिझाईन किती भारी आहे याच्याशी घेणंदेणं नाही, तो एवढंच विचारतो की हा आकार बघून गिऱ्हाइकाला ही गिटार कोणाची ते कळतं का.

फेंडर इथेच अडकली. २००३ मध्ये त्यांनी स्ट्रॅट, टेली आणि प्रिसिजन बेस (पी बेस, बेस गिटार) या तिघांच्या बॉडीचे आकार रजिस्टर करायला अमेरिकेत अर्ज टाकले, तर १७ पार्ट्यांनी हरकत घेतली आणि २००९ मध्ये ट्रेडमार्क बोर्डाने अर्ज नाकारले. कारण साधं होतं, हे आकार कितीतरी कंपन्या कित्येक दशकं बनवत होत्या आणि तेवढा काळ फेंडरने ते चालू दिलं होतं, त्यामुळे आकार बघून 'ही फेंडरच' असं कोणी म्हणेनासं झालं. म्हणून आज अमेरिकेत टेलीसारखी बॉडी बनवणारे इतके लोक दिसतात. पण तिथंच लोक फसतात, कारण बॉडी मोकळी आहे म्हणजे सगळंच मोकळं आहे असं त्यांना वाटतं. फेंडरच्या हेडस्टॉकचा आकार रजिस्टर्ड आहे, त्या आकाराचे नेक (गिटारीचे दांडे) विकणारे लायसन्स घेऊनच विकतात.

म्हणून मी सांगतो की कागदावर पहिल्यांदा हेडस्टॉक काढा. जुनी १९७७ ची केस आठवा, गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिनने जपानी आयबानेझ गिटारी विकणाऱ्यांवर फिलाडेल्फियाच्या कोर्टात केस टाकली ती हेडस्टॉकवरून, वरच्या बाजूला उघड्या पुस्तकासारखा जो खाच असलेला आकार असतो ना, त्यावरून. आयबानेझने तोवर आपला हेडस्टॉक बदलायला घेतलाही होता आणि प्रकरण तडजोडीत मिटलं. (आणि हो, सत्तरीतली कुठलीही जपानी कॉपी 'लॉसूट (कोर्टकेस) गिटार' म्हणून जास्त पैशाला विकतात त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, तो नुसता विकायचा शब्द झालाय.)

हेडस्टॉक काढून झाला की तो काळ्या शाईने पूर्ण भरा, खुंट्या नाहीत, लोगो नाही, फक्त बाहेरची रेघ. शेजारी गिब्सन, फेंडर, रिकनबॅकर, पीआरएस या कंपन्यांच्या हेडस्टॉकच्या तशाच काळ्या आकृत्या ठेवा आणि गिटार वाजवणाऱ्या चार जणांना लांबून दाखवून विचारा कोणाचं काय ते. तुमच्या आकृतीला कोणी पटकन मोठ्या कंपनीचं नाव दिलं तर परत पेन्सिल हातात घ्या. खुंट्या एका बाजूला सहा की दोन्हीकडे तीन-तीन हा तारा कशा जातात त्याचा प्रश्न आहे, ती काय कोणाची जहागीर नाही. भांडण होतं ते बाहेरच्या रेघेवरून.

मग नाव. स्ट्रॅट, टेली, पी बेस, लेस पॉल, एसजी हे शब्दसुद्धा रजिस्टर्ड आहेत, म्हणून तर लोक 'एस-टाइप', 'टी-स्टाइल' असं लिहितात. स्वतः फेंडरला हा धडा मिळालाय, टेलीचं आधीचं नाव ब्रॉडकास्टर होतं, पण ग्रेच कंपनीचे त्याच उच्चाराचे ड्रम आधीपासून बाजारात होते, त्यांनी कळवल्यावर १९५१ मध्ये फेंडरने हेडस्टॉकवरच्या स्टिकरमधून तेवढा शब्द कापून टाकला आणि काही महिने बिननावाच्याच गिटारी विकल्या. त्यांना आज लोक 'नोकास्टर' म्हणतात. बारीकसारीक गोष्टीही बघा, गिब्सनचं घंटेच्या आकाराचं ट्रस रॉड कव्हर (हेडस्टॉकवरची छोटी पट्टी) रजिस्टर्ड आहे आणि दोन्ही बॉबिन (तारेची रिळं) क्रीम रंगाचे असलेला पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) अमेरिकेत डिमार्झिओचा ट्रेडमार्क आहे, रंगाचा ट्रेडमार्क, हो.

शोधायचं कसं तर अमेरिकेसाठी यूएसपीटीओचा (तिथलं पेटंट-ट्रेडमार्क ऑफिस) सर्च, युरोपसाठी टीएमव्ह्यू, आणि बाकी जगासाठी वायपोचा (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) ग्लोबल ब्रँड डेटाबेस, तिघंही फुकट. क्लास १५ टाका, वाद्यं त्यात येतात, आणि वायपोच्या डेटाबेसमध्ये चित्र अपलोड करून सारखी दिसणारी चित्रं शोधता येतात, हेडस्टॉकची ती काळी आकृती इथे कामाला येते. सापडलेलं रजिस्ट्रेशन चालू आहे की मेलेलं ते बघा, आणि चित्रात तुटक रेघेने जे दाखवलंय त्यावर सहसा हक्क सांगितलेला नसतो, फक्त सलग रेघेवर असतो, हे बरेच जण विसरतात आणि उगाच घाबरतात.

गिब्सनच्या व्ही, एक्स्प्लोरर, एसजी आणि लेस पॉल यांच्या आकाराला मात्र मी नवीन माणसाला हातच लावू नको म्हणेन. कोणी म्हणेल लेस पॉलच्या आकारावरून पीआरएस जिंकली की. जिंकली, पण कशी ते बघा. गिब्सनने २००० मध्ये पीआरएसच्या सिंगलकट मॉडेलवरून केस टाकली, २००४ मध्ये कोर्टाने पीआरएसला ती गिटार बनवायला मनाई केली, २००५ मध्ये अपिलात तो निकाल फिरला, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने गिब्सनचं ऐकायला नकार दिला, म्हणजे सहा वर्षं गेली. दुकानात हातात घेऊन कोणी फसणार नाही हे गिब्सनने स्वतःच मान्य केलं होतं, त्यांचा मुद्दा असा की धुराने भरलेल्या बारमध्ये लांबून दोन्ही सारख्याच दिसतात, आणि लांबून तर काय सगळ्याच गिटारी सारख्या दिसतात, अपील कोर्टाला ते पटलं नाही.

डीन या गिटार कंपनीची गोष्टही अशीच लांबली. २०१९ मध्ये गिब्सनची केस, २०२२ मध्ये ज्युरीने बऱ्याच मुद्द्यांवर गिब्सनच्या बाजूने कौल दिला पण भरपाई फक्त ४,००० डॉलर, आणि २०२४ मध्ये अपील कोर्टाने परत नव्याने चालवा म्हणून सांगितलं कारण इतर कंपन्या पूर्वी तेच आकार बनवत होत्या याचे जुने पुरावे ज्युरीसमोर येऊच दिले नव्हते. तिकडे युरोपात २०१९ मध्येच फ्लाइंग व्हीच्या आकाराचा ट्रेडमार्क रद्द ठरला. म्हणजे एकच गिटार एका देशात चालेल आणि दुसऱ्या देशात पार्सल पाठवल्यावर नोटीस येईल, तर जिथे विकणार तिथलंच बघायचं.

तुमचं स्वतःचं डिझाईन वाचवायचं असेल तर तारखेसकट स्केच आणि फोटो ठेवा. डिझाईन पेटंट अमेरिकेत मंजूर झाल्यापासून १५ वर्षं टिकतं, पण डिझाईन जगाला दाखवल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि काही देशांत तेवढीही सवलत नाही, त्यामुळे फोटो टाकायची घाई नको. बॉडीच्या आकाराचा ट्रेडमार्क लगेच मिळत नाही, लोक त्या आकारावरून तुम्हाला ओळखायला लागले हे दाखवावं लागतं आणि त्यात वर्षं जातात, म्हणून आधी नाव आणि लोगो रजिस्टर करा.

आणि नोटीस आलीच तर त्या दिवशी काहीच लिहू नका, ना उत्तर ना पोस्ट, आणि जुने फोटो किंवा मेल डिलीट तर अजिबात करू नका. रजिस्ट्रेशन नंबर दिलाय का, तक्रार नक्की कशाबद्दल आहे, बॉडी, हेडस्टॉक की नाव, आणि उत्तराची मुदत कधीची, हे वेगळ्या कागदावर काढा. तशा किती गिटारी विकल्या, पहिली कधी विकली, तुमच्या आधी तसा आकार अजून कोण बनवत होतं याची यादी करा आणि ट्रेडमार्कच्या वकिलाकडे जा, कोणत्याही वकिलाकडे नाही. हेडस्टॉकवरून तक्रार असेल तर बहुतेक वेळा बदलून मोकळं होणं भांडण्यापेक्षा स्वस्त पडतं, फक्त तडजोडीत उरलेले नेक विकायला मुदत मागून घ्या आणि ती लेखी घ्या.